‘वेअर लेव्हलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

करवीरकर : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षासाठी एसएसडीच्या, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, वापराचे मराठी सूचनापत्र लिहिताना ‘वेअर लेव्हलिंग’पाशी माझे अडले आहे. तिच्यातील नँड फ्लॅश या साठवण-चिपचा प्रत्येक खंड मर्यादित वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो, म्हणून आतला नियंत्रक नवे लेखन एकाच जागी न करता सर्व खंडांवर फिरवत ठेवतो. मी ‘झीज-समतोल’ लिहिले, तर सहकाऱ्यांनी वंगण कोठे घालायचे, असे विचारले.

शिरोळवाला : ‘बेवड’ का नको? उसामागून ऊस घेतला की जमीन थकते, म्हणून आमच्याकडे मध्ये हरभरा किंवा सोयाबीन घेतात. हा शब्द जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

रंकाळाकाठ : समजेल, पण उलटे समजेल. बेवडात रान तेच राहते आणि पीक बदलते. येथे माहिती तीच राहून जागा बदलते. शिवाय बेवडाने कस परत येतो, तर एसएसडीत दर पुसण्यागणिक पेशीतील ऑक्साइडचा पातळ थर खराब होत जातो आणि तो सुधारत नाही. त्यापेक्षा ‘पाळी’ बरी.

शब्दव्रती : संस्कृत धातू हाताशी असताना ‘क्षरण-समीकरण’ म्हणण्यास काय हरकत आहे? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे कवी माधव ज्यूलियनसुद्धा फारसीच्या प्रेमातून पुढे भाषाशुद्धीकडेच वळले होते.

शिरोळवाला : आपले समीकरण पाहून विद्यार्थी क्ष आणि य शोधू लागतील.

रंकाळाकाठ : मूळ मसुद्यात मला अधिक खटकते ते सगळीकडे वापरलेले ‘पुसणे’. फाइल काढून टाकली की फक्त तिची नोंद जाते आणि संगणकाने पाठवलेल्या ‘ट्रिम’ आज्ञेमुळे तिची पाने, म्हणजे खंडातले लहान भाग, आता निरुपयोगी आहेत, एवढे नियंत्रकाला कळते. प्रत्यक्ष पुसणे त्याच्या सवडीने होते. लेखन पानापानाने होत असले, तरी पुसावा लागतो तो शेकडो पानांचा अख्खा खंड. म्हणून पहिल्या क्रियेला ‘खोडणे’ आणि दुसरीलाच ‘पुसणे’ म्हणावे.

शब्दव्रती : खोडणे म्हणजे रेघ मारणे; मजकूर खाली वाचता येतो. हा भेद मला मान्य आहे.

शिरोळवाला : मग खोडरबराने आपण रेघ मारतो काय?

शब्दव्रती : खोडरबर हा शब्दच चुकीचा घडला आहे.

शिरोळवाला : तो चुकीचा असेल, तर तालुक्यातल्या प्रत्येक दप्तरात ती चूक आहे.