अंगणातले पेव्हर ब्लॉक : शेवाळ, सांध्यातलं गवत आणि खचलेले पट्टे

कोकणवारा
घर चिपळूणजवळ. अंगणात साधारण ४०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक आहेत. झिगझॅग आकार, ६० मिमी जाडी, लाल आणि करडे, वरून चकचकीत. बसवून पाच वर्षं झाली. आंब्याच्या सावलीतला भाग हिरवा-काळा पडलाय आणि पाय सटकतो. सांध्यांत गवत आहे, त्यात लव्हाळाही. गाडीच्या चाकांखाली दोन पट्टे खचलेत, तिथे पाणी साचतं. शिवाय ऑइलचे डाग.
एक जण म्हणतो ॲसिडने धुवा. गवंडी म्हणतो सांधे सिमेंटने भरून टाका, कटकट मिटेल. दोन्हींबद्दल मत हवंय. दिवाळीपूर्वी काय काय उरकेल?

खराटा
ॲसिड अजिबात नको. चकचकीत म्हणताय म्हणजे रबर मोल्डचे, म्हणजे रबराच्या साच्यात ओतून केलेले ब्लॉक. त्यांचा रंग वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असतो. ॲसिड सिमेंट खातं, चकाकी जाते, बारीक खडी उघडी पडते आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी घट्ट धरतं.

शेवाळाला ब्लीचिंग पावडर पुरते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम, प्लास्टिकच्याच बादलीत. ढवळून अर्धा तास ठेवा आणि गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं वापरा. गाळासकट ओतलं तर चुन्याचा पांढरा थर ब्लॉकवर बसतो आणि मग तो काढत बसावं लागतं. एवढं पाणी १०० चौरस फुटांना होतं. आधी झाडून पालापाचोळा काढा, जाड शेवाळ फावड्याने खरवडा, मग ऊन उतरल्यावर शिंपडा. १५-२० मिनिटं ओलं राहू द्या, खराट्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, तुटलेल्या तारा सांध्यांत अडकून गंजाचे ठिपके उठतात.

कडेच्या झाडांना आधी साधं पाणी भरपूर घाला म्हणजे मुळं ब्लीच कमी ओढतील. विहिरीकडे उतार असेल तर त्या बाजूला ब्लीच वापरूच नका, नुसतं घासा. आणि सर्वांत महत्त्वाचं : ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांतही ॲसिड असतं, हे लोक विसरतात.

प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लावा, ब्लॉकपासून फूटभर लांब आणि तिरकं धरा. सांध्याच्या रेषेत धार मारायची नाही, आडवी फिरवायची. गोल फिरणारं टर्बो नोझल सांध्यांतली रेती तर उपसतंच, वर चकाकीवर गोल ओरखडे सोडतं.

आंब्याच्या खालच्या फांद्या छाटून थोडं ऊन आत येऊ दिलंत तर निम्मं काम तिथेच होईल. जाण्यायेण्याची वाट मात्र ओली झाली की घसरणारच, तो गुळगुळीत पृष्ठभागाचा दोष आहे. तेवढा तीन फुटी पट्टा मशीन-प्रेसच्या खरखरीत ब्लॉकचा करून घ्या. जाडी ६० मिमीच ठेवा.

डबर_मुरूम
गवंड्याचं ऐकू नका. पेव्हर ब्लॉकची जमीन लवचीक असते. गाडीचं वजन सांध्यांतल्या रेतीच्या घर्षणातून शेजारच्या ब्लॉकवर जातं. सिमेंट भरलं की वर्षभरात त्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. उद्या खालची पाइपलाइन दुरुस्त करायची वेळ आली तर एकही ब्लॉक अख्खा निघणार नाही. भरताना चकचकीत ब्लॉकवर सिमेंटचे डाग पडतात ते वेगळेच.

खचलेल्या पट्ट्यांचं कारण बहुतेक वेळा खालीच असतं. उंचसखल मुरमावर लेव्हल जुळवायला रेतीचा किंवा कचेचा (खडीच्या बारीक चुऱ्याचा) थर कुठे ३० तर कुठे ८० मिमी टाकलेला असतो. जाड थर चाकाखाली दबतो. त्यातून क्रशरची पूड असलेली कच असेल तर ती पाणी धरून ठेवते, चिखल होतो आणि सांध्यांतून वर येते. चाकांच्या पट्ट्यात सांध्यांवर राखाडी गाळ दिसत असेल तर तेच झालंय समजा.

दुरुस्ती अशी. खचलेल्या भागाबाहेरच्या दोन ओळी धरून ब्लॉक काढा. पहिला ब्लॉक दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोर घालून हलवत वर आणायचा. नाहीच आला तर छिन्नीने फोडा, एकाचा बळी द्यावा लागतो. जुनी रेती पूर्ण काढा, ती परत वापरायची नाही. मग पहार आपटून बघा. सहज आत गेली तर १५० मिमी खोदून खडी-मुरूम ७५ मिमीच्या दोन थरांत, पाणी मारत धुम्मसने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकून भरा. ठोकलेला मुरूम शेजारच्या ब्लॉकच्या पृष्ठभागापासून ८० मिमी खाली हवा. त्यावर २५ मिमीचे दोन कंड्युट पाइप (वायरिंगचे प्लास्टिक पाइप) ठेवायचे, धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) पसरायची आणि ॲल्युमिनियमची पट्टी ओढून सपाट करायची. पाइप काढून खाचा भरा आणि त्या थरावर पाय देऊ नका. २५ अधिक ६० म्हणजे ८५, ब्लॉक ५ मिमी वर राहतील. ते हवंच. प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत्या सपाट प्लेटने दाबणारं मशीन, फिरवलं की बरोबर बसतात. मशीन भाड्याने मिळतं. प्लेटखाली रबरी मॅट लावून घ्या, नाहीतर चकाकीवर चरे पडतील.

पाणी साचायला नको असेल तर उतार दर मीटरला दोन सेंटिमीटर ठेवा, घरापासून लांब. कडेचे दगड हलले असतील तर आधी तेच काँक्रीटमध्ये बसवा. कड सुटली की सांधे रुंदावतात, मग कितीही रेती भरा.

कोकणवारा
आभारी आहे दोघांचा. दोन प्रश्न राहिले. गवत परत येऊ नये म्हणून खाली प्लास्टिक टाकू का? आणि सांध्यांसाठी रेती किती आणू?

हराळी
प्लास्टिक नको, पाणी अडेल. साधं गवत खालून येत नाही, वाऱ्याने आलेलं बी सांध्यावरच्या धुळीत रुजतं. सांधा रेतीने भरलेला आणि झाडलेला असेल तर त्याला माती मिळत नाही. उगवलेलं कोवळं गवत उकळत्या पाण्याने मरतं. हराळी आणि लव्हाळा मात्र त्याला दाद देत नाहीत. हराळी कडेच्या मातीतून धावत येते, तिथे वीतभर खोल चर ठेवा. लव्हाळ्याच्या गाठी खाली असतात, वरून उपटला की फुटून येतो. त्या जागचे ब्लॉक काढून गाठी वेचणं हाच उपाय. खचलेला पट्टा उघडणारच आहात, तेव्हाच उरकून घ्या. मीठ टाकायचा सल्ला मिळेल. टाकू नका, ब्लॉकवर खार फुटतो आणि कडेची झाडं जातात.

रेतीचा हिशोब : ३ मिमी सांधा आणि ६० मिमी खोली धरली तर दर चौरस मीटरला ४ किलो. तुमचं अंगण ३७ चौरस मीटर, म्हणजे पूर्ण खोलीला १५० किलो. जुन्या भागात वरचे २० मिमीच भरायचे आहेत, तेव्हा ५० किलोच्या दोन गोण्या पुरतील. २.३६ मिमीच्या चाळणीतून गेलेली आणि उन्हात पूर्ण वाळवलेली हवी. ओलसर रेती सांध्याच्या तोंडाशीच अडकते, खाली पोकळी राहते आणि पहिल्याच पावसात बसते. समुद्राची वाळू नको, खारट असते. भरून झाडा, कॉम्पॅक्टर फिरवा, परत भरा. सांधा ब्लॉकच्या तासलेल्या कडेच्या खालपर्यंतच भरा, वरपर्यंत नको. वरपर्यंत भरलेली रेती गाडीच्या चाकाला लागून उडते.

ऑइलचे डाग ताजे असतील तर लाकडाचा भुसा रात्रभर टाकून ठेवा, घासू नका, पसरतात. जुन्यांना गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्रश. दोनदा करूनही सावली राहिली तर ती राहणारच. एकदोन ब्लॉक असतील तर बदला. उलटवून उपयोग नाही, तुमच्या ब्लॉकला खालून रंगच नाही.

दिवाळीपर्यंत धुणं आणि खचलेले पट्टे होतील. सांधे भरणं मात्र पाऊस पूर्ण थांबून आठवडाभर कडक ऊन पडल्यावरच घ्या. परतीच्या पावसाचा कोकणात भरवसा नाही. मेमध्ये परत एकदा सांधे तपासा, विशेषतः पन्हाळीचं पाणी पडतं तिथे. त्या जागी ब्लॉकऐवजी जांभ्याची एक चिरी ठेवलीत तर रेती वाहून जाणार नाही.