नगरसेवक नव्हते तेव्हा काय बिघडलं?

गल्लीकर: मुंबई पालिकेची मुदत 7 मार्च 2022ला संपली, पुण्याची पुढच्याच आठवड्यात. मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026ला. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. स्थायी समितीही तेच, सर्वसाधारण सभाही तेच. ठराव मांडायचा आपणच, मंजूर करायचा आपणच!
आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलं. पूर्वी संध्याकाळी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसलं की समोरच ज्युनिअर इंजिनिअरला फोन लागायचा. या वेळी ऑनलाइन तक्रार केली. दोनदा ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. भोक तसंच, त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली.

फाइलबंद: फोन लागायचा, मान्य. पण अनधिकृत मजला पाडायला माणसं आली की पाडकाम थांबवायलाही त्याच ऑफिसातून फोन जायचा, ते विसरलात? वॉर्डाच्या निधीतून बाकडी आणि कापडी पिशव्या, त्यावर साहेबांचा फोटो. सभेत ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून, म्हणजे आधीच्या विषयपत्रिकेत नसलेलं, काय काय घुसवतात, ते तर सोडाच. नवी मुंबईत 2016 मध्ये नगरसेवकांनी तिथले आयुक्त तुकाराम मुंढ्यांवर अविश्वास आणला तो काय लोकांच्या भल्यासाठी?

गल्लीकर: चोर नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता तरी येतं. आयुक्ताला मी कुठे पाडू?

जुना कारकून: मुंढ्यांचंच उदाहरण नीट बघा की. पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर आयुक्ताला हटवता यावं, अशी कायद्यात सोय आहे. तिथे त्याहून कितीतरी जास्त मतं पडली. तरी मुंढे राहिले, आणि गेले ते मार्च 2017 मध्ये, राज्य सरकारनं बदली केली तेव्हा. तुम्ही दोघं भांडताय, दोऱ्या मंत्रालयात आहेत. आपला महापौर सभा चालवतो, फिती कापतो. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. कोलकात्यात महापौर परिषद, म्हणजे महापौर आणि त्याचे निवडक नगरसेवक, कारभार बघते. मुंबईतही 1998ला आणली होती, पुढच्याच वर्षी गुंडाळली. आमदार-मंत्र्यांना शहरात तगडा महापौर नकोच असतो, हे माझं मत.

फाइलबंद: म्हणजे टेंडरची सही पण नगरसेवकांच्या हातात द्यायची? नको रे बाबा.

जुना कारकून: सही द्या, म्हणजे चौकशीत नावही त्यांचंच येईल. आज टक्केवारी एकाची आणि सही दुसऱ्याची.

गल्लीकर: ताजी खबर: झाकण बसलं. नव्या नगरसेवकानं त्यावर उभं राहून फोटो काढलाय. इंजिनिअर म्हणतो, काम आधीच मंजूर होतं.