पायपरसाठी नका बघू, बाकीच्यांसाठी बघा

बायकांच्या तुरुंगावरची 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' ही मालिका, तिची नायिका पायपर आवडली नाही म्हणून दोन भागांतच सोडली, असं कुणीतरी लिहिलंय. थोडं थांबा. पायपर हे फक्त आत शिरायचं दार आहे. पुढे बहुतेक भागांत एकेका कैदी बाईचं तुरुंगाआधीचं आयुष्य उलगडतं आणि टेस्टी, पूसे, रेड, सुझान मनात घर करतात. सुझान साकारणाऱ्या उझो अडूबाला याच भूमिकेसाठी विनोदी आणि नाट्य अशा दोन्ही गटांत एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार मिळाला, ते अगदी योग्यच.

फक्त सलग बघू नका. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये पहिल्या सीझनचे १३ भाग एकदम आणले खरे, पण रात्रभर जागून संपवले की या बायका एकमेकींत मिसळून जातात. चौथ्या सीझनच्या बाराव्या भागानंतर तर मला लगेच पुढचा लावणं शक्यच झालं नाही.