दुसऱ्याच्या कवितेच्या किती ओळी परवानगीविना छापता येतात?

डिचोलीचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका चतुर्थीपूर्वी छापून व्हायची आहे. तिच्यासाठी गोमंतकीय मराठी कवितेतील पावसावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून, त्यात चार कवींच्या मिळून तीसेक ओळी येतात. शिवाय त्यांपैकी एका दिवंगत कवींची सोळा ओळींची अख्खी कविता पहिल्या पानावर चौकटीत छापावी, अशी समितीची इच्छा आहे. दहा टक्क्यांपर्यंतचा मजकूर कोणालाही घेता येतो असे काहींचे म्हणणे आहे. खाली कवीचे नाव दिले की पुरे, असे इतरांना वाटते. आणि स्मरणिका विकायचीच नसल्याने प्रश्न उद्भवत नाही, असेही एकाने सांगितले. कवींच्या पुतण्यांना फोन केला, तेव्हा ‘खुशाल छापा’ असे ते म्हणाले. प्रकाशकांना पत्र पाठवून दोन महिने झाले, उत्तर नाही. ज्यांच्या कवितेने माझ्या वाचनाला वळण लावले, त्यांच्याच हक्काला माझ्या हातून धक्का लागू नये, म्हणून विचारतो.

म्हापशाचे एक वकील

दहा टक्के हा आकडा कायद्यात नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52 समीक्षा, परीक्षण, संशोधन अशा कारणांसाठी ‘उचित वापर’ करण्याची मुभा देते, पण ओळींची संख्या ठरवून देत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 1996 साली एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या होत्या: केलेल्या टीकेच्या मानाने घेतलेला मजकूर किती व केवढ्या मोलाचा, तो कोणत्या हेतूने घेतला, आणि त्यामुळे दोन कृतींत स्पर्धा होण्याचा संभव आहे का. म्हणून ओळी मोजण्याऐवजी प्रत्येक उताऱ्यापाशी थांबून, त्याच्याविषयी आपण स्वतः काही म्हटले आहे का, ते तपासा. ज्या ओळींवर भाष्य आहे, त्या माझ्या मते सवलतीत बसतील. चौकटीतली कविता बसणार नाही, कारण तिच्याविषयी कोणी काहीच म्हणत नाही. ती केवळ पानाची शोभा आहे. स्मरणिका फुकट वाटल्याने हे बदलत नाही.

कवीचे नाव देणे हे परवानगीच्या ऐवजी नसून परवानगी असली तरीही पाळायचे कर्तव्य आहे. कलम 57 प्रमाणे आपल्या नावाचा आणि रचनेची मोडतोड न होण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, तेव्हा मधल्या ओळी गाळल्यास तिथे टिंबे द्यावीत.

लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षे टिकतो. बा. भ. बोरकर 8 जुलै 1984 रोजी गेले, म्हणजे त्यांच्या अशा कविता 2045 च्या आरंभी खुल्या होतील. पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य 1991 अखेर खुले होण्याच्या बेतात असताना ती वाढवण्यात आली.

मडगावहून, एका लेखकाची मुलगी

पुतण्यांचा होकार आपण परवानगी मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गोव्याच्या वारसाकायद्यात मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा आहे. कवींना मुले असतील, तर मृत्युपत्राने काही वेगळे ठरलेले नसताना हा हक्क पुतण्यांकडे जात नाही. आमच्या घरच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत वाटणीसाठी केलेल्या मालमत्तेच्या यादीत, घर, माडांचे भाट, पोफळींचे कुळागर, दागिने, सगळ्यांची नोंद झाली. बाबांच्या पुस्तकांच्या हक्काची आठवण कोणालाच झाली नाही. त्यानंतर एका अंकात त्यांचा ललितलेख शेवटचा परिच्छेद कापून छापला गेला आणि आम्हां भावंडांपैकी कोणालाही विचारलेले नव्हते. संपूर्ण लेख त्या परिच्छेदाकडेच जात होता. एक पत्र आले असते, तर आम्ही आनंदाने परवानगी दिली असती, पैसेही मागितले नसते.

फोंड्याचे निवृत्त ग्रंथसंपादक

प्रकाशकांच्या मौनाला होकार समजू नका. मात्र हक्क अजून त्यांच्याकडेच आहे, असेही धरून चालू नका. हक्क हस्तांतरित करणाऱ्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम 19 नुसार ती पाच वर्षांची मानली जाते. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात संग्रहाच्या जुन्या आवृत्त्या मिळाल्यास नावापाठचे पान पाहा; हक्क कोणाच्या नावे आहे ते तिथे बहुधा छापलेले असते. मग सर्व वारसांना पत्र लिहून कविता, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत आणि स्मरणिकेची पीडीएफ पुढे इंटरनेटवर जाणार का, हे स्पष्ट सांगा आणि उत्तर लेखी घ्या. ही शेवटची बाब लोक हमखास विसरतात.

वेळेत उत्तर न आल्यास सोहिरोबानाथ आंबियेंसारख्या अठराव्या शतकातल्या संतकवीची रचना निर्वेधपणे घेता येईल. फक्त आधुनिक संपादकाची प्रस्तावना आणि टीपा उचलू नका, त्यांच्यावर वेगळा हक्क असू शकतो.

डिचोलीचा वाचक

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. पुतण्यांना पुन्हा विचारले, तेव्हा कवींना दोन मुली असल्याचे कळले. दोघींनाही आज पत्रे टाकली आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत चौकटीचे पान मोकळे ठेवायला समितीने मान्यता दिली. लेखातल्या ज्या दोन उताऱ्यांवर माझे एकही वाक्य नव्हते, ते काढले. एका ठिकाणी मधले कडवे गाळून मी ओळी सलग जोडल्या होत्या, हेही आताच ध्यानात आले. तिथे टिंबे घातली आहेत.