'वरचा नियम' आणि सारणीतली सारणी: तक्ता म्हणावं की कोष्टक?

परळकर:
लाटेकवरची (मजकुरातच आज्ञा लिहून पानं जुळवायची ती संगणक-प्रणाली) एक छोटी मराठी पुस्तिका तपासायला घेतलीय. (उच्चार लाटेक की लाटेख, यावरून पुन्हा जुंपू नका, हात जोडतो.) तिसऱ्याच पानावर अडलो. वाक्य असं: 'सारणीला वरचा नियम, मधला नियम व खालचा नियम द्यावा.' दोनदा वाचलं. कसले नियम? मग ट्यूब पेटली. बुकटॅब्ज नावाच्या पॅकेजात (लाटेकला जोडायच्या तयार आज्ञांच्या संचात) टॉपरूल, मिडरूल, बॉटमरूल अशा तीन आज्ञा आहेत, त्यांचं हे भाषांतर. रूल म्हणजे इथे रेघ हो!

ते खोडलं की झालं, पण खरी गोची पुढे आहे. लाटेकात टेबल आणि टॅब्युलर या दोन वेगळ्या चिजा. टॅब्युलर म्हणजे प्रत्यक्ष घरं. रकाने किती, कुठला डावीकडे टेकवायचा, कुठला मधोमध, कुठला उजवीकडे, ते सुरुवातीलाच एल, सी, आर अशा अक्षरांनी सांगायचं. मग दोन घरांच्या मध्ये अँपरसँड (&) टाकत जायचं आणि ओळ संपली की दोन उलट्या तिरप्या रेघा. टेबल म्हणजे या सगळ्याभोवतीचं वेष्टन. मथळा आणि क्रमांक त्यात येतो, आणि ते लिहिलं तिथेच राहील याची खात्री नाही. पानावर मावलं नाही तर लाटेक ते उचलून पुढच्या पानाच्या माथ्यावर नेऊन ठेवतं. पुस्तिकेत दोघांनाही 'सारणी' म्हटलंय, त्यामुळे पान पाचवर हे रत्न: 'सारणी सारणीत लिहावी.'

दोन शब्द हवेत. सुचवा.

शब्दवेडी:
शब्द आहेत की आपल्याकडे, फक्त वाटून द्यायचे राहिलेत. कोष्टकात 'कोष्ठ' आहे, त्यातूनच कोठा, कोठी, कोठार. म्हणजे आत कप्पे असलेली वस्तू. टॅब्युलरला याहून चपखल काय मिळणार? आणि तक्ता फारसीतला, मूळ अर्थ फळी. शाळेत भिंतीवरचा तक्ता खिळ्यावरून काढून दुसऱ्या वर्गात नेत असू, आठवतंय ना? तुमचं टेबलही तेच करतं, जागा बदलतं. तेव्हा टेबल तो तक्ता, टॅब्युलर ते कोष्टक.

सारणी मात्र मला आवडत नाही. आवर्तसारणीमुळे पाठ्यपुस्तकात रुळली आहे हे खरं, पण संस्कृतात तिचा अर्थ पाण्याचा पाट. आणि मराठी कानाला तर आधी करंजीचं सारणच ऐकू येतं.

पवईचा:
ताई, हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस. आमच्या मेसमधल्या अर्ध्या पोरांचा गोंधळ होईल.

शब्दवेडी:
पुस्तिका मराठी आहे ना, मग त्यांना मेसमध्ये सांभाळून घे. आपण मापांची कोष्टकं घोकून मोठे झालो, आपल्याला कंस आठवत नाही.

खिळेवाला:
परळकर, रेघेला आम्ही रूळ म्हणायचो. गिरगावात छापखान्यात कंपोझिंगला होतो तेव्हाची गोष्ट. रूळ म्हणजे पितळेची पातळ पट्टी, खिळ्यांच्याच, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्याच, उंचीची. आडवा रूळ सोपा, ओळ लावली की खाली सरकवून द्यायचा. जीव जायचा तो उभ्या रुळांत. एकेक रकाना वेगळा जुळवायचा, मध्ये पट्टी उभी करायची, आणि आडवी-उभी जिथे भेटते तिथे सांधा कितीही घट्ट बसवा, छापल्यावर बारीक फट दिसायचीच. मालक प्रूफ उजेडात धरून पहिली ती फट शोधायचा.

शिळाछापवाल्यांची, म्हणजे दगडावर लिहून छापणाऱ्यांची, मात्र चैन. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर. पंचांग म्हणजे सगळा रकान्यांचाच कारभार, पण तिथे हातानं रेघ ओढली की झालं, सांध्याचा प्रश्नच नाही.

तुमच्या पुस्तिकेत उभ्या रेघा आहेत का?

परळकर:
आहेत काका, भरपूर. एल, सी, आरच्या मध्ये उभी दांडी टाकली की रेघ फुकट मिळते, त्यामुळे लेखकानं प्रत्येक रकान्याला कुंपण घातलंय. बुकटॅब्ज करणाऱ्याचं म्हणणं नेमकं उलट: उभी रेघ कधीच नको, तीन आडव्या पुरतात.

देवनागरीत तर हे जास्तच पटतं. आपल्या शब्दांच्या डोक्यावर आधीच शिरोरेषा. तिच्या वर लगेच दुसरी रेघ आली की वेलांट्या आणि रफार तिला जाऊन चिकटतात. 'वर्षे' हा शब्द पहिल्या ओळीत होता, त्याचा रफार रेघेत पार बुडाला होता.

पवईचा:
त्यावर उपाय आहे. ॲरेस्ट्रेच, म्हणजे ओळींची उंची ठरवणारा आकडा, मुळात १ असतो, तो १.३ करा. ओळी सुट्या होतात. आणि मल्टिकॉलमला, दोन-तीन रकान्यांचं एक घर करणाऱ्या आज्ञेला, काय म्हणणार? पुस्तिकेत 'बहुस्तंभ' असेल, पैज लावतो.

परळकर:
जिंकलास. 'बहुस्तंभ' वाचून मला आधी देऊळच दिसलं. खरं म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक खोली करतात, तेवढंच आहे ते. 'रकाने जोडणे' लिहितोय.

'स्तंभ' सगळीकडूनच काढला, तो स्तंभलेखकांना राहू दे. कॉलम म्हणजे रकाना.

शब्दवेडी:
थांबा. सरकारी फॉर्मवर 'रकाना कोरा सोडू नये' असतं, तिथे रकाना म्हणजे एकच चौकोन. मग सेलला काय?

परळकर:
घर. सापशिडीत, बुद्धिबळात चालतं ते इथेही चालेल. फॉर्मवाल्यांचा रकाना त्यांच्यापाशी.

तर तिसरं पान आता असं: 'कोष्टकाला तीन आडवे रूळ द्यावेत: एक माथ्याला, एक शीर्षकांच्या ओळीखाली, एक तळाला. उभे रूळ टाळावेत.' लेखकाला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, रूळ म्हटलं की मला लोकल दिसते. म्हटलं, दिसू दे, तीही आडवीच धावते.

शब्दवेडी:
आणि जागा बदलणाऱ्या टेबलला फ्लोट म्हणतात, त्याचं काय?

परळकर:
त्यानं 'तरंग' लिहिलं होतं. फळी आहे तर 'तरता तक्ता' करून टाकला. पान सातवर मात्र 'विधवा' आणि 'अनाथ' येऊन बसलेत, पानाच्या टोकाला एकट्या पडलेल्या ओळींसाठी. त्यांचं काय करायचं ते वेगळ्या धाग्यात विचारतो. काका, तुम्ही तिथे लागणार आहात.