डिव्हचं बटन दिसलं की कोड परत पाठवावा का?

सह्यभटक: कोड तपासताना हे सतत दिसतं: "पुढे जा" लिहिलेला डिव्ह (वेबपानातला नुसता डबा, ज्याला स्वतःचा अर्थ नाही), त्याला ऑनक्लिक (क्लिक केल्यावर चालणारा कोड), वर बटनासारखा रंग. माउसवाल्याला फरक कळत नाही, पण टॅब दाबत येणारा त्यावर थांबतच नाही. मग रोल लावा (हे बटन आहे असं सांगणारी खूण), टॅबइंडेक्स लावा (टॅबने तिथे पोचता यावं म्हणून), एंटर आणि स्पेससाठी जावास्क्रिप्ट लिहा. हे सगळं बटन टॅगमध्ये ब्राउझर आयतं देतो. ॲरियाचा, म्हणजे स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी कोडमध्ये लावायच्या अशा खुणांचा, पहिला नियमही हाच, की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा. माझ्या मते असा कोड रिलीजच्या आदल्या दिवशीही परत पाठवावा.

कोडकरी: असहमत. आमची कंपोनंट लायब्ररी आधीच्या टीमने लिहिली आहे. मूळ घटक बदलला की सगळ्या स्क्रीन पुन्हा तपासायच्या, आणि त्याचे पैसे क्लायंट देत नाही. रोल आणि टॅबइंडेक्स लावून वेळ भागते की.

सह्यभटक: नाही भागत. रोल फक्त प्रकार सांगतो, वागणं देत नाही. हात थरथरतो म्हणून नुसत्या की-बोर्डवर काम करणारा माणूस त्या डिव्हवर पोचतो, एंटर दाबतो आणि काहीच घडत नाही. ॲरियात डिसेबल्ड लिहिलं तरी क्लिक चालूच राहतं. राहता राहिलं डिझाइन, तर बटनाचं मूळचं रूप सीएसएसच्या चार ओळींत निघतं. फक्त फोकसची आउटलाइन, म्हणजे टॅबने आपण कुठे आलो ते दाखवणारी चौकट, उडवू नका.

रातराणी: मी दिवसभर एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, काम करते. बी दाबलं की पुढचं बटन, एच दाबलं की पुढचं शीर्षक. रोल नसलेला तुमचा डिव्ह या उड्यांमध्ये येतच नाही. ओळ न् ओळ ऐकत शोधावा लागतो. पण त्याहून जास्त छळतात ते लेबल नसलेले रकाने. ओटीपीचे सहा चौकोन, आणि प्रत्येकावर नुसतं "एडिट" ऐकू येतं. कितवा चौकोन, कशाचा, काही कळत नाही, तोवर मुदत संपते. पुन्हा ओटीपी मागवा, पुन्हा तेच. कोडकरी, यात "भागतं" ते तुमचं. माझे पैसे भरायचे राहतात.

बोरूबहाद्दर: बटन, लेबल, शीर्षकं यांवर पूर्ण सहमत. पण याच नावाखाली पानाच्या भागाला सेक्शन टॅग लावायचा की आर्टिकल, यावर जे तास जातात ते वाया. नाव न दिलेला सेक्शन स्क्रीन रीडरच्या लेखी डिव्हसारखाच. त्यापेक्षा मराठी पानांवरचा लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी नोंद, बघा. टेम्प्लेटमधलं "ईएन" तसंच राहतं आणि मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो. तिथे "एमआर" लिहिलं की मराठी आवाज निवडता येतो. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. हा फायदा डोळसांनाही.

वकिलीण: क्लायंटच्या पैशांबद्दल. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) प्रकरणात स्पष्ट केलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांनी ते प्रकरण नेलं होतं. करारात हा खर्च धरायलाच हवा.

कोडकरी: रातराणी, ओटीपीचं पटलं. लॉगिन आणि पैसे भरण्याची पानं मी या रिलीजमध्येच दुरुस्त करायला लावतो. पण जाहिरातीच्या पट्टीतल्या "आणखी पाहा"साठी रिलीज अडवणार नाही.

सह्यभटक: मी अडवेन. तिथून पुढच्या पानावर जायचं असेल तर ती लिंक आहे. लिंकचा अँकर टॅग लिहायला डिव्हपेक्षा जास्त वेळ लागत नाही.