मदत हवी आहे: दादर नेमकं कुठे संपतं?
दादरच्या जुन्या वस्त्यांचा नकाशा करतेय. पालिकेत 'दादर' असा एक वॉर्ड नाहीच: शिवाजी पार्क जी उत्तरमध्ये, रुळांपलीकडची हिंदू कॉलनी एफ उत्तरमध्ये, तिथून चालत जाता येणारं नायगाव एफ दक्षिणमध्ये. निवडणुकीचे 227 प्रभाग आणखी वेगळे. पिनकोड लावून पाहिले, पण ती टपालाची सोय. माणसं तसं बोलत नाहीत. मतदार याद्यांत इमारत सापडते, वस्ती क्वचितच. सरकारी हद्दी माझ्याकडे आहेत, त्या नकोत. हवी आहे ती बोलण्यातली हद्द, गिरण्या चालू होत्या तेव्हाची असेल तर फारच उत्तम. प्रभादेवी किंवा नायगावकडच्यांनो, तुमच्या घरची मोठी माणसं कुठल्या रस्त्याला, चौकाला किंवा देवळाला 'इथे दादर संपलं' म्हणायची?